ऑफिसच्या कपड्यांतच सायकलने कामावर जायचंय? असं करा

माझं घर पुण्यात कोथरूडला, ऑफिस डेक्कनला. अंतर ४ किलोमीटरच्या आतबाहेर. हा रस्ता मी रोज सलवार-कमीजवर, सणासुदीला साडीवरही सायकलने जाते. ऑफिसात पोचून कपडे बदलायची भानगड नाही. सगळे पहिल्यांदा घामाचं विचारतात, पण आधी सायकल नीट हवी.

दोन्ही चाकांना मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, मागे कॅरिअर, भक्कम स्टँड आणि खणखणीत घंटी एवढं बघून सायकल घ्या. दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीला हे सगळं असायचंच. म्हणून तर धोतर नेसलेली माणसंही पुण्यात सायकलवर कामाला जात. हल्लीच्या गिअरवाल्या सायकलींना यातलं बरंचसं नसतं. तीच आवडली तर दुकानातच मडगार्ड आणि कॅरिअर बसवून घ्या. साडी-ओढणीवाल्यांनी मधला दांडा नसलेली लेडीज सायकल घ्यावी आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी.

जाळीचं मी कळकळीने सांगते. पहिल्याच महिन्यात माझी ओढणी मागच्या चाकात गेली. गळ्याला हिसका बसला आणि सायकल जागच्या जागी थांबली. वेग कमी होता म्हणून निभावलं. ओढणीला तारांमध्ये इतका पीळ बसला होता की शेजारच्या टेलरकडून कात्री आणून ती कापावी लागली. तेव्हापासून ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारते, साडीचा पदर खोचल्याशिवाय सीटवर बसत नाही. पँटवाल्यांनी उजवा पाय जपावा, कारण चेन त्याच बाजूला असते. चेनकव्हर अर्धवट असेल तर पँटचा घोळ दुमडून रबरबँड लावायचा.

सीटची उंची अशी ठरवा: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. बरेच जण सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. हवा आठवड्यातून एकदा बघा. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो.

आता रस्ता. सुट्टीच्या सकाळी एकदा जाऊन बघा. गाडीने जातो तोच रस्ता सायकलला सोयीचा असेल असं नाही. कर्वे रोड सरळ आहे, पण बस, रिक्षा आणि मेट्रोच्या खांबांमुळे तिथे दाटी होते. मी मयूर कॉलनीतून आतल्या आत पौड फाट्याकडे येते, नळ स्टॉपपर्यंतचा तुकडा सोसते आणि पुढे प्रभात रोडच्या गल्ल्या धरते. झाडांची सावली मिळते, पाचेक मिनिटं जास्त लागतात, ती मी खुशीने देते. कुठेही असा, उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांबून चालवा. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

आणि घाम. तो अंतरापेक्षा घाईने येतो. ताशी १२ किलोमीटरच्या चालीने ४ किलोमीटरला २० मिनिटं लागतात. शेजारच्याशी धाप न लागता बोलता येईल, तीच आपली चाल. खरा घाम फुटतो तो थांबल्यावर, कारण अंगावरचा वारा बंद होतो. म्हणून शेवटचा अर्धा किलोमीटर मुद्दाम रमतगमत काढा. सॅक पाठीवर घेऊ नका, पाठ भिजते ती तिच्यामुळेच, कॅरिअरला बांधा. कपडे सुती आणि सैल. सकाळी नदीकडे थोडा उतार मिळतो हे माझं नशीब. चढ परतीला लागतो, पण घरी अंघोळ करता येते.

पावसाळ्यात पायात फ्लोटर्स, बूट ऑफिसातच ठेवलेले. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा चौकाच्या बऱ्याच आधीपासून हलके दाबत या. ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि झेब्राचे रंगवलेले पट्टे यांवर वळू नका, चाक सरकतं. संध्याकाळी अंधार पडणार असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

पोचल्यावर साखळी चाकातून आणि फ्रेममधून घालून पक्क्या खांबाला कुलूप लावा. मग पाच मिनिटं पंख्याखाली बसा, ओल्या रुमालाने मान आणि चेहरा पुसा, केस विंचरा आणि कामाला लागा.