रात्री तीनला उजेड पडतो? लेकरू आणि गॅजेटच्या घरात या चुका टाळा

आमच्या धुळ्याच्या घरात रात्री वीज गेली की पोरगी निवांत झोपून राहायची. उठायची ती वीज आल्यावर, आणि तीही किंचाळत. दोन उन्हाळे आम्ही डासांना, उकाड्याला, येणाऱ्या दातांना दोष दिला. शेवटी एका रात्री मी जागा असताना वीज आली आणि कळलं. खोलीतला स्मार्ट बल्ब पूर्ण ताकदीने, पांढराफट पेटला. तो मोबाईलवरून बंद केलेला होता, भिंतीवरचं बटन मात्र चालूच.

बहुतेक स्मार्ट बल्ब कंपनीतून येतात तेच असे येतात. वीज परत आली की पेटायचं. कारण भिंतीवरच्या बटनाने कुणी चालू केलं तर तो लागायला हवा. पण त्याला बटन आणि लोडशेडिंग यांतला फरक कुठून कळणार? ॲपमध्ये त्या बल्बच्या सेटिंगमध्ये वीज आल्यावर काय करायचं, असा एक पर्याय असतो, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. तो ‘आधी होता तसाच’ यावर ठेवा. पर्यायच नसेल तर बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनीवर घ्या, नाहीतर सरळ नऊ वॅटचा साधा बल्ब लावा. निदान लेकराच्या खोलीत तरी हट्ट नको.

याच बल्बाची दुसरी भानगड आईची. तिला दिवा बंद करायचा म्हणजे बोर्डावरचं बटन दाबायचं, एवढंच ठाऊक. तिने बटन दाबलं की बल्ब ॲपमध्ये ‘ऑफलाइन’. मग मी वायफायला शिव्या देत राउटर बंद-चालू करायचो. बटनावर चिकटपट्टी लावून पाहिली. ‘हाऊ दिवा चालूच का शे?’ म्हणत तिने ती काढून टाकली. बरोबरच होतं तिचं, चूक माझी. बल्ब स्मार्ट करण्याऐवजी बोर्डाच्या आत बसणारं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल घेतलं असतं तर बटन आणि मोबाईल दोन्ही चालले असते. त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलना न्यूट्रलची तार लागते, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत ती बोर्डापर्यंत आलेली नसते. म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला बोर्ड उघडायला लावा, मग ऑर्डर द्या.

इथवर झोपमोडीची गोष्ट होती. पुढची जिवाची आहे.

रंगीत एलईडी पट्टीचा चपटा रिमोट, गाडीची चावी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या, यांत रुपयाच्या नाण्यासारखा लिथियमचा सेल असतो. आमच्या घरात मोजले तेव्हा असे अकरा निघाले. लेकराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर गुदमरण्यापेक्षाही भाजण्याचा धोका मोठा. ओल्या जागी सेलमधून प्रवाह वाहतो, तिथे क्षार तयार होतो आणि 2 तासांत आतलं मांस जळू लागतं. रिमोट चालेनासा झालेला ‘संपलेला’ सेलसुद्धा हे करू शकतो, म्हणून जुना सेल खिडकीत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून हाताला लागणार नाही अशा जागी टाका. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू लेकराच्या हाती देऊच नका.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं-भाकरी भरवून ‘खाली ढकलायचा’ प्रयत्न करू नका. एक्स-रे होईल त्या दवाखान्यात लगेच निघा. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि घटना 12 तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर 10 मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधत घरी थांबू नये. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

आता कूलर. कुणी म्हणेल, हे कसलं गॅजेट? जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या वर गेला की घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तेच. लोखंडी बॉडी, खाली सांडलेलं पाणी, आणि अनवाणी लेकरू जाळीला हात लावतंय. पाणी भरताना प्लग काढायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालणं, कारण अर्थिंग तिथेच संपतं. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो, अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला जाणवतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे असा गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. पडला नाही तर बदला.

उन्हाळ्यातच मोबाईलही तापतो. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवला आणि वर कार्टून चालू असेल तर चार्ज होणं आपोआप थांबतं, आणि आपण चार्जर बिघडला म्हणून नवा आणतो. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत दव धरतं.

जेवणाचं म्हणाल तर आम्हीही केलंय. वरण-बट्टी तुपात चुरून, समोर मोबाईल, घास आपोआप आत. सहा महिन्यांनी मोबाईलशिवाय तोंडच उघडेना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, दोन वर्षांखाली तर नकोच. सुरतच्या मामाशी व्हिडिओ कॉलवर चार शब्द बोलणं मी यात धरत नाही. सवय मोडताना एकदम बंद केलं तर पहिले तीन दिवस घर डोक्यावर घेतलं जातं. आम्ही आधी फक्त सकाळचं जेवण मोबाईलशिवाय केलं आणि तेव्हा मोठ्यांचेही फोन कपाटात ठेवले. ते जास्त अवघड गेलं.

फोन द्यायचाच असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिन’ करा, म्हणजे तेवढं एकच ॲप उघडं राहतं, आणि अनपिन करताना पासवर्ड विचारण्याची खूण चालू ठेवा. नाहीतर पिनला अर्थ नाही.

राहिला बोलता स्पीकर. त्याला अहिराणी कळत नाही, म्हणून आईने त्याच्याशी बोलणं सोडलं. पोरगी मात्र आजीशी अहिराणीत, आमच्याशी मराठीत आणि स्पीकरशी हिंदीत बोलते. रात्री त्याच्या माइकचं बटन बंद ठेवतो. मागे एकदा ती झोपेत त्याचं नाव बडबडली आणि त्याने मोठ्याने उत्तर दिलं.