उन्हाळी शिबिरासाठी ताई-दादा तयार करताना या चुका टाळा

मे महिन्यात दापोली, गुहागर, मालवण भागातल्या वाड्यांमधून मुलांची निवासी शिबिरं भरतात. जागा दोन-तीन महिने आधी ठरते, आचारी ठरतो, आंब्याच्या पेट्याही सांगून ठेवल्या जातात. मुलांना सांभाळणाऱ्या ताई-दादांचं प्रशिक्षण मात्र मुलं येण्याच्या आदल्या संध्याकाळी तासाभरात उरकतं. हे ताई-दादा बहुधा अठरा ते बावीस वर्षांचे असतात. उत्साह दांडगा असतो, पण जे नेमकं सांगितलेलं नाही ते अंदाजाने केलं जातं. म्हणून पूर्ण 3 दिवस द्या, तेही शिबिराच्याच जागेवर.

पडवीत बसवून शिकवणं

पहिल्या दिवशी वही-पेन बाजूला ठेवा आणि सगळ्यांना वाडीभर फिरवा. कठडा नसलेली विहीर, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, सुट्या पायऱ्या, जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), काजूची झाडं, हे सारं प्रत्येकाने स्वतः काढलेल्या नकाशावर यायला हवं. तंबू आणि पंगत माडाखाली नको. नारळच नाही, वाळलेली झावळही डोक्यात पडते. ओल्या काजूबीच्या चिकाने कातडी भाजते, हे शहरातून आलेल्या ताईला ठाऊक नसतं आणि मुलं पहिल्याच दुपारी बिया फोडायला बसतात.

गडग्यांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो. रात्री लघवीला जातानाही बूट आणि बॅटरी हवीच. दंश झाला तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. अवयव फळकुटाला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, मुलाला चालू द्यायचं नाही आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे शिबीर सुरू होण्याआधी फोन करून विचारा आणि प्रत्येक दादाच्या खिशात ते नाव लिहून द्या. फोनला रेंज कुठे मिळते तेही नकाशावर हवं.

वेळापत्रकात ‘रोज 5 वाजता समुद्र’

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, मग खेळाची वेळ एकच कशी राहील? किनाऱ्यावरचा जुना हिशेब ताई-दादांना तोंडपाठ करून घ्या: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला 6. म्हणजे अष्टमीला 5 वाजता पाणी चढतं असतं. पंचमीला त्याच वेळी ओहोटी लागलेली असते आणि पाणी आत ओढतं. हा अंदाज आहे. जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळून पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुलांना पाण्यात न नेणंच बरं. शिवाय स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्याची जागा ठरवू नका. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, तिथेच बहुधा ओढ असते. नवखा दादा नेमकी तीच जागा सुरक्षित समजतो.

‘मला पोहता येतं’ यावर विसंबणं

तळ्यात पोहणारा दादा लाटेत घाबरलेल्या मुलाला धरायला गेला की दोघेही जातात. फेब्रुवारी 2016 मध्ये रायगडच्या मुरुडला सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगा. मग रचना घटवून घ्या. पाणी मुलांच्या गुडघ्यापर्यंतच. एका वेळी 10च मुलं. दोन दादा समुद्राच्या बाजूला, तोंड मुलांकडे करून. अधूनमधून मान वळवून लाट पाहायची, पण नजर मुलांवर. एक ताई पुळणीवर शिट्टी घेऊन, तिचं काम फक्त मोजणं. तिच्या हातात मोबाईल नको, फोटोसाठीसुद्धा नको. सोबत 20 मीटर दोर आणि त्याला बांधलेला झाकणबंद रिकामा 5 लिटरचा कॅन. तो कोरड्या वाळूत प्रत्येकाने दहादा फेकून पाहावा. पहिले चार-पाच नेम चुकतातच. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात मारत नाही. डोकं मागे पडतं आणि ते गप्प होतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर मूल खेळतंय असंच वाटतं.

आकडे पुकारून मोजणी करू नका. मित्राच्या नावचा आकडा दुसराच ओरडतो. जोड्या लावा आणि दर 10 मिनिटांनी खांद्याला हात लावून मोजा. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता एका दादाला लपवून ठेवा आणि तो हरवल्याचं किती वेळाने कळतं ते घड्याळ लावून पाहा. संख्या एकाने कमी भरली तर आधी पाण्यात शोधायचं, खोलीत आणि संडासात नंतर. लोक उलटं करतात, कारण मनाला तेच सोपं वाटतं.

चौथ्या दिवसाची चिडचिड

ताई मुलांवर खेकसते, दादा पंगतीतून गायब असतो. बहुतेक वेळा स्वभाव बदललेला नसतो, झोप झालेली नसते. रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी पाण्यावर लावू नका. प्रत्येकाला रोज सलग 2 तास मोकळे द्या, तेही मुलांपासून दूर. 9 ते 12 वयाच्या 8 मुलांमागे एक आणि वर किमान दोन जादा माणसं असतील तरच हे जमतं. दमटपणात तहान कळत नाही, म्हणून ताई-दादांच्या पाण्याकडेही प्रमुखाने लक्ष ठेवावं. जलसंजीवनीचं (ओआरएसचं) मोठं पाकीट 1 लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात थोडं थोडं विरघळवलं की प्रमाण बिघडतं.

ताई-दादांची रोजची बैठक रात्री 11 ला घेण्याची पद्धत मोडा. मुलं दुपारी आडवी होतात तेव्हा 20 मिनिटं पुरतात. एखाद्याची चूक मात्र तिथेही काढू नका, बाजूला नेऊन सांगा. मुलांसमोर झापलेल्या दादाचं गट पुढे ऐकत नाही.

एकटं मूल, एकटा दादा

आंघोळ, मलमपट्टी, रडणाऱ्या मुलाची समजूत, काहीही असो, दुसरं मोठं माणूस दिसेल अशा जागी. मुलाने कुणाबद्दल काही सांगितलं तर ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि लगेच प्रमुखाला सांगायचं. प्रमुखाने घरातल्या घरात चौकशी करून मिटवू नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि 112 (पोलीस व आपत्कालीन मदत) हे फोन नंबर स्वयंपाकघरातही लावा, कारण मुलं पुष्कळदा आधी मावशींनाच सांगतात. त्यामुळे प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी आचारी आणि मावशींनाही बसवून घ्या.