पेडल स्टील गिटार: स्वर बदलणारी यंत्रणा आणि जुळणीचा क्रम

पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून स्टीलच्या कांडीने वाजवायची आणि पेडलने तारांचा स्वर बदलणारी गिटार, बेसूर वाटते तेव्हा दोष बहुधा कानाचा नसतो, जुळणीच्या क्रमाचा असतो. इथे एकाच तारेचे दोन-तीन स्वर जुळवावे लागतात: मोकळ्या तारेचा स्वर डावीकडच्या खुंटीवर ठरतो, तर पेडलने किंवा गुडघ्याच्या लिव्हरने येणारा स्वर उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटावर.

आज सर्वाधिक आढळणाऱ्या ऑल-पुल (स्वर चढवणे व उतरवणे दोन्ही ओढीनेच करणाऱ्या) रचनेत पेडल दाबले की वाद्याच्या पोटाखालचा आडवा दांडा किंचित फिरतो, त्यावरची बेल क्रँक (दांड्यावर बसवलेली छोटी भुजा) एक बारीक सळई ओढते आणि ती सळई चेंजरमधील, म्हणजे उजव्या टोकाच्या स्वर बदलणाऱ्या यंत्रणेतील, फिंगर (प्रत्येक तारेचा हलणारा धातूचा तुकडा) हलवते. तार या फिंगरच्या गोलसर माथ्यावरून गेलेली असल्यामुळे फिंगर कलताच तिचा ताण वाढतो व स्वर चढतो. स्वर उतरवण्यासाठी त्याच फिंगरला जोडलेला दुसरा भाग तारेला ढील देतो आणि सळई सुटल्यावर एक स्प्रिंग त्याला मूळ जागी परत आणते.

तार वाजत असतानाच तिचा स्वर पेडलने सरकवण्याची ढब अमेरिकी कंट्री गायक वेब पीअर्स यांच्या 1954 साली गाजलेल्या ध्वनिमुद्रणात स्टील वादक बड आयझॅक्स यांच्या वादनामुळे लोकप्रिय झाली. पुढे रूढ झालेल्या ई-नाइन (ई स्वरावर आधारलेल्या) जुळणीत पहिल्यापासून दहाव्या तारेपर्यंत एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी आणि बी असे स्वर असतात. पेडलांनाही ए, बी, सी अशी नावे आहेत, ती स्वरांची नव्हेत: ए पेडल पाचवी व दहावी तार बी स्वरावरून सी शार्पवर नेते, बी पेडल तिसरी व सहावी तार जी शार्पवरून ए स्वरावर नेते. दोन्ही दाबली की मोकळा ई मेजर ए मेजर होतो. सी पेडल चौथी तार एफ शार्पवर आणि पाचवी सी शार्पवर नेते. पाचव्या तारेच्या या दोन ओढींना दोन वेगळे नट असतात, त्यामुळे एक जुळला म्हणून दुसरा जुळला असे समजू नये.

जुळवताना आधी सर्व पेडले सोडून दहाही तारा खुंट्यांवर लावाव्यात. मग एकेक पेडल पूर्ण दाबून धरावे आणि नट षट्कोनी पान्याने फिरवावा. नट आवळला की चढणारा स्वर अधिक चढतो, उतरणारा अधिक उतरतो. या टप्प्यात खुंटीला हात लावला, तर आधीचे सगळे काम पुन्हा करावे लागते.

सर्वांत फसवा दोष इथेच उद्भवतो. पेडल सोडलेले असताना नटाला थोडी मोकळीक जाणवली पाहिजे. ती उरली नसेल तर फिंगर आपल्या टेकणीवर परतत नाही, मोकळी तार चढलेली राहते आणि वादक ती खुंटीवर उतरवतो, म्हणजे चूक पक्की करतो. मोकळीक संपूनही स्वर कमीच पडत असेल, तर सळई बेल क्रँकवरच्या, आडव्या दांड्यापासून दूर असलेल्या छिद्रात किंवा फिंगरच्या आसाजवळच्या छिद्रात न्यावी. ओढ वाढेल, पण पेडलही जड होईल, हा सौदा टळत नाही.

ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या उपकरणावर) प्रत्येक स्वर शून्यावर ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. शुद्ध गांधार षड्जापासून 386 सेंटांवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), सप्तकाच्या बारा समान भागांच्या विभागणीत तो 400 वर येतो आणि स्टीलच्या लांबणाऱ्या स्वरात हा फरक कानाला टोचतो. म्हणून ई शून्यावर धरून जी शार्प सुमारे 14 सेंट खाली, बी 2 सेंट वर, पेडलने येणारा ए स्वर 2 सेंट खाली आणि त्याचा गांधार असलेला सी शार्प सुमारे 16 सेंट खाली ठेवतात. ई चढवून एफ करणारी लिव्हर ए पेडलसोबत सी शार्प मेजर देते, त्यामुळे तो एफ जवळजवळ 29 सेंट खाली जातो. आकडा पाहून घाबरू नये, कानाने खात्री करावी. एफ शार्पच्या तारांना मात्र एकच योग्य जागा नसते: बी स्वराचा पंचम म्हणून त्या वर हव्या असतात, ए स्वराचा सहावा म्हणून बऱ्याच खाली, आणि तडजोड अटळ असते.

शेवटी चौथी तार छेडून ए आणि बी पेडल एकदम दाबावीत. त्या तारेला कुणीही ओढत नसताना ट्यूनरचा काटा काही सेंट खाली सरकतो, कारण वाढलेल्या ताणाने वाद्याचा सांगाडाच किंचित वाकतो. ही घसरण नटाने जात नाही. त्यामुळे मोकळा ई किंचित चढा ठेवून ती दोन्ही स्थितींत वाटून घेतात आणि मग पेडलचे स्वर पुन्हा तपासतात.