स्वस्तात मिळणारा तरुण एनबीए खेळाडू कसा पारखावा

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये दुसऱ्या संघाशी अदलाबदल करण्यासाठी तरुण खेळाडू हेरताना बहुतेक जण आधी त्याचे सरासरी गुण पाहतात. मी मात्र आधी करार वाचावा असे सांगेन. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा रूकी (म्हणजे पहिला) करार चार वर्षांचा असतो. त्यातली दोन वर्षे पक्की असतात आणि तिसरे व चौथे वर्ष ठेवायचे की नाही, हे संघ ठरवतो. म्हणून चौथ्या वर्षात असलेला खेळाडू आज स्वस्त दिसला, तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याला नवा, बहुधा बराच मोठा करार द्यावा लागेल, हे धरूनच हिशेब मांडावा.

देनी अवदिया या इस्रायली खेळाडूचे उदाहरण घेऊ. २०२० च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने त्याला नववा निवडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चार वर्षांसाठी ५.५ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली, तीही वर्षागणिक पगार उतरत जाईल अशी. लीगची पगारमर्यादा, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, वाढत असताना असा करार दर वर्षी अधिक स्वस्त होत जातो.

यानंतर भूमिका पाहावी. खेळाडू किती मिनिटे खेळतो, चेंडू त्याच्या हाती किती वेळ असतो आणि त्याला त्याच्या जागी खेळवले जाते का, हे न पाहता आकडे वाचले तर फसगत होते. लॉरी मार्कानेन क्लीव्हलँडमध्ये दोन उंच खेळाडूंच्या जोडीला बाहेरच्या बाजूस खेळत असे आणि सामन्याला १४.८ गुण करी. पुढच्याच हंगामात युटामध्ये हल्ला त्याच्याभोवती रचला गेला आणि तो २५.६ वर पोहोचला.

तिसरे काम सर्वांत वेळखाऊ आहे आणि ते टाळू नये: किमान पाच-सहा सामने पूर्ण पाहावेत, आणि नजर चेंडूवर न ठेवता त्या खेळाडूवर ठेवावी. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्याकडे पास आला आणि बचावपटू धावत अंगावर आला की तो काय करतो? एक ड्रिबल टाकून आत शिरतो, की चेंडू धरून थांबतो, आणि तेवढ्यात बचाव पुन्हा जागेवर येतो? हा अर्धा सेकंद कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. अवदियाची थ्री-पॉइंटची (दुरून मारलेल्या, तीन गुणांच्या फेकीची) टक्केवारी एका वर्षात सुमारे ३० वरून ३७ वर गेली होती, पण नेमबाजीची अधिक भरवशाची खूण मानले जाणारे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या, कुणी न अडवलेल्या फेकी) ७४ टक्क्यांच्या आसपासच होते, त्यामुळे केवळ त्या नेमबाजीवर मी पैसे लावले नसते. रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परतलेला चेंडू) घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेण्याची त्याची धमक मात्र खरी होती आणि ती संघ बदलला तरी सोबत जाणारी होती.

मग विकणारा का विकतो आहे, हे शोधावे. २०२३-२४ मध्ये वॉशिंग्टनने ८२ पैकी १५ सामने जिंकले होते; इतक्या तळाच्या संघाला आजच्या गुणी खेळाडूपेक्षा उद्याच्या निवडी, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे हक्क, हव्या असतात. दुखापत किंवा प्रशिक्षकाशी बेबनाव हे कारण असेल, तर मात्र किंमत कितीही कमी असली तरी सावध राहावे.

शेवटी, बोलणी सुरू होण्याआधीच आपली कमाल किंमत कागदावर लिहून ठेवावी. पोर्टलंडने जून २०२४ मध्ये अवदियासाठी माल्कम ब्रॉग्डन हा खेळाडू, त्या वर्षीची चौदावी निवड, २०२९ ची पहिल्या फेरीची एक आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. तेव्हा ही किंमत पुष्कळांना जास्त वाटली, पण तेवीस वर्षांच्या खेळाडूची चार वर्षे त्यात मिळत होती.