घरचं कंडेन्स्ड मिल्क, वजनकाटा घेऊन

मागच्या चवथीच्या आधी सासूबाईंचा डिचोलीहून फोन आला, रविवारी सगळे येतायत, सेर्रादुरा (क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटाच्या चुऱ्याचं थरांचं गोड) कर. बाहेर पाऊस असा की फोंड्याच्या बाजारात जायचीही हिंमत नव्हती आणि घरात कंडेन्स्ड मिल्कचा डबा संपलेला. फ्रिजमध्ये फुल क्रीम दुधाच्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या होत्या, म्हटलं आटवून बघू, त्यात काय एवढं. पहिल्या वेळी जे झालं ते कंडेन्स्ड मिल्क नव्हतं हो, पेढा होता. गॅसवर पातळ दिसतंय म्हणून मी आटवत राहिले आणि गार झाल्यावर त्यात चमचा उभा राहिला.

तर मुद्दा हा आहे की गरम असताना ते नेहमीच पातळ दिसतं, कितीही सराव असला तरी डोळे फसतात. म्हणून मी आता काटा वापरते. हिशोब सोपा आहे. १ लिटर फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट आणि ९ टक्के बाकीचा ऐवज, म्हणजे साधारण १५५ ग्रॅम माल, बाकी सगळं पाणी. त्यात २०० ग्रॅम साखर. हे सगळं मिळून आटून ५०० ग्रॅमच्या आसपास आलं की डब्यासारखं दाट होतं. कढई आणि ढवळायचा लाकडी कालथा दोन्ही आधी रिकामे वजन करून आकडा कागदावर लिहून ठेवा, माझं दोन्ही मिळून ११५० ग्रॅम भरतं, मग काट्यावर १६५० दिसलं की गॅस बंद. काट्यावर जाड फडका घडी करून ठेवा आणि मग काटा शून्यावर आणा, नाहीतर गरम कढईने काट्याचं प्लॅस्टिक वितळेल (माझ्या काट्यावर एक गोल डाग आहे, तो त्याचाच).

कढई पसरट आणि जाड बुडाची घ्या. उंच पातेल्यात दीड तास जातो, पसरट कढईत पाऊण तासात काम होतं. दूध उकळलं की गॅस मध्यम करा आणि कडेला जमणारी साय सतत खरवडून आत ढकलत राहा, कारण तीच वाळून नंतर गोळे होतात. साखर पहिल्यापासून घालू नका. दूध निम्म्यावर आलं की घाला, नाहीतर साखरेसकट जास्त वेळ उकळून रंग लालसर होतो आणि तळाला लागायची भीती पण जास्त. साखर घातल्यावर दूध परत पातळ होतं, घाबरू नका. त्याच वेळी खायचा सोडा अगदी एक चिमूट, दूध आटताना आंबटपणा पण दाट होत जातो आणि फाटू शकतं, सोडा ते सांभाळतो. पण दोन चिमटी झाल्या तर रंग पण तपकिरी आणि साबणाची चव, मी केलंय ते पण.

आता शेवटची दहा मिनिटं महत्त्वाची. आधी बारीक फेस असतो, मग बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात आणि पक् पक् आवाज येतो, अंगावर उडतं पण, हात लांब ठेवा. इथे गॅस बारीक करा आणि ढवळणं सोडायचं नाही, फोन वाजला तरी वाजू दे. बुडबुडे मोठे झाले की वजन करायला सुरुवात करा.

डब्यातलं पांढरट असतं आणि आपलं फिकट बदामी होतं, त्यात चूक काही नाही. फॅक्टरीत हवा काढून व्हॅक्यूममध्ये आटवतात, त्यामुळे कमी तापमानाला पाणी उडतं आणि दूध शिजून रंगत नाही. अमेरिकेत गेल बोर्डेनने १८५६ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे आहे आपला गॅस.

गॅस बंद केला की लगेच सोडून द्यायचं नाही. कढई थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि कोमट होईपर्यंत ढवळत राहा. नुसतं ठेवून दिलं की दुसऱ्या दिवशी जिभेला रवाळ लागतं, ती आपली साखर नसते, दुधातलीच साखर असते, लॅक्टोज, ती पाण्यात फारशी विरघळत नाही आणि सावकाश गार होताना तिचे मोठे खडे होतात. ढवळत गार केलं की खडे बारीक राहतात. मग मिक्सरला एकदा फिरवून गाळणीतून काढा, सायीचे कण जातात. जास्त घट्ट झालं असेल तर दोन चमचे गरम दूध, पातळ असेल तर परत गॅसवर, एवढंच.

माडाचा गूळ घालून बघायची आयडिया डोक्यात येते, मला पण आली होती. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं. हवाच असेल तर बिनसाखरेचं आटवून पूर्ण गार करा आणि मग वितळवून गार केलेला गूळ मिसळा, पण ते त्याच दिवशी संपवा.

साखरवालं कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवस. सीलबंद डब्यासारखं महिनोन्‌महिने टिकेल असं समजू नका. चमचा ओला नको, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर नकोच.

सेर्रादुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकडाचा भुसा, मारी बिस्किटाचा चुरा तसाच दिसतो म्हणून. २०० मिली क्रीम फेटून त्यात हे १५० ग्रॅम हळूच मिसळा आणि ग्लासात एक थर बिस्किटाचा, एक क्रीमचा, चार तास फ्रिजमध्ये. सासूबाईंनी दोन ग्लास खाल्ले आणि विचारलं, डबा कुठला आणलास गो.

कढईला चिकटलेलं मात्र धुऊन टाकू नका. त्यातच कपभर पाणी आणि चहा पावडर घालून उकळा, साखर वेगळी लागत नाही.