डायफ्रॅग्मॅटिक हर्निया: बाळाचं ऑपरेशन पोट उघडून की दुर्बिणीतून?

या जन्मजात दोषात छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला भोक असतं; त्यातून आतडी छातीत चढतात आणि फुप्फुस खुरटतं. पद्धत ठरवण्याआधी बाळ स्थिर झालंय का ते विचारा. पडद्याचं भोक शिवलं म्हणून खुरटलेलं फुप्फुस लगेच वाढत नाही, त्यामुळे ऑपरेशनची घाई नसते. रक्तदाब ठीक, दिला जाणारा ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या आत असताना उजव्या हाताचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८५ ते ९५ टक्के, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) ३ च्या खाली, लघवी ताशी किलोमागे १ मिलीपेक्षा जास्त. एवढं साधलं की पुढचं बोलायचं.

उघड्या ऑपरेशनात बरगड्यांच्या थोडं खाली आडवा छेद घेतात, आतडी हलक्या हाताने खाली ओढतात आणि न विरघळणाऱ्या धाग्याने कडा जोडतात. ताण येत असेल तर गोअर-टेक्सचा (कृत्रिम कापडाचा) पॅच लावतात. तो थोडा ऐसपैस कापायचा; बाळ वाढतं, पॅच वाढत नाही.

दुर्बिणीत बाळ निरोगी बाजूच्या कुशीवर, छातीला ३ ते ५ मिमीची तीन छिद्रं. आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, दाब ३ ते ५ मिमी पारा इतकाच. डावीकडचा हर्निया असेल तर आधी आतडी खाली सारतात, प्लीहा सगळ्यात शेवटी. तिला धक्का लागला तर रक्तस्राव होतो. खरी कसोटी मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात. तिथे पडद्याची कड बहुधा नसतेच, म्हणून टाका बरगडीभोवतून घेऊन गाठ त्वचेखाली मारावी लागते. हा टाका कच्चा राहिला की हर्निया तिथूनच परत येतो.

नवजात बाळांत दुर्बिणीनंतर हर्निया उलटण्याचं प्रमाण जास्त आहे. आतला वायू रक्तात शोषला जाऊन आम्लता वाढते, फुप्फुसाचा रक्तदाबही चढू शकतो; भूलतज्ज्ञांनी सांगितलं की लगेच पोट उघडावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट, पोट उघडल्यावर आतडी चिकटून अडकण्याचा धोका अधिक. लहान व्रण हा फायदा खरा, पण आमच्या मते निवडीचं कारण नव्हे.

दिवस भरलेलं, वजन चांगलं, भोक लहान, यकृत खाली पोटातच: अशा बाळाला दुर्बीण चालते. एक्मोवर (हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर) असलेलं, यकृत छातीत चढलेलं किंवा हृदयदोष असलेलं बाळ असेल तर उघडंच बरं.

सर्जनना थेट विचारा: नवजात बाळांची अशी किती ऑपरेशनं दुर्बिणीतून केलीत, किती परत उलटली?

घरी गेल्यावर हिरवी उलटी, फुगलेलं पोट किंवा धाप दिसली तर, पद्धत कुठलीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.