थकवा आलाय? मग निदान या चुका टाळा

अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या दवाखान्यात मी परिचारिका आहे. सर्दी-तापाचे पेशंट पावसाळ्यात येतात, पण एक तक्रार बारा महिने येते. "सिस्टर, कशात मनच लागत नाही. ताकदीचं काहीतरी द्या ना." या माणसांबद्दल मला कळवळा आहे. राग येतो तो थकल्यावर ती जे उपाय करून बसतात त्यांचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थकव्याला आळस समजणं आणि दमलेल्या शरीरावर आणखी शिस्त लादणं.

पॅकिंगमधला एक मुलगा नालासोपाऱ्याला राहतो. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. रिक्षा, मग विरार स्लो, पुढे स्टेशनपासून चालत. घरी पोचून, जेवून आडवं व्हायला दीड वाजतो. मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघून या मुलाने पहाटे पाचला उठायला सुरुवात केली. व्यायाम, डायरी, थंड पाण्याने आंघोळ. झोप उरली साडेतीन तास, आणि मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागते. थोड्याच दिवसांत तो माझ्याकडे सलाईन मागायला आला. मी नाही म्हटलं, "आधी झोप," असं सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी घराजवळच सलाईन लावून घेतलं आणि तसाच शिफ्टला आला. रात्री मशीनवर डुलकी लागली, हातमोजा आत ओढला गेला. शेजारच्या काकांनी स्टॉपचं बटण दाबलं म्हणून बोटं वाचली.

सलाईनबद्दल स्पष्टच सांगते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर ते जीव वाचवतं. पण ज्याला तोंडाने खाता-पिता येतं, त्याच्या थकव्यावर सुई टोचून पैसे घेणं मला मुळीच पटत नाही. थोडी तरतरी येते, ती माझ्या मते तासभर निवांत पडून राहिल्याची.

त्या मुलाला मी एकच काम दिलं. आठवडाभर रोज लिहायचं : झोपलो कधी, उठलो कधी, जेवलो कधी, चहा किती. हे मी सगळ्यांनाच करायला लावते. औषधाचा विचार त्यानंतर. त्याचे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, कागदावर मात्र झोपेचा खड्डा स्वच्छ दिसत होता. आता तो साडेनऊपर्यंत झोपतो, आई खिडकीला जाड चादर लावते, आणि व्यायाम तो दुपारी शिफ्टला निघण्याआधी करतो. उत्साह कुणी त्याच्यात भरला नाही. झोप झाल्यावर तो आपोआप परत आला.

बायकांची चूक वेगळी. धाप लागते, जिना चढताना पाय भरून येतात, पाळीत अंगावरून जास्त जातं, तरी "घरचं आणि ऑफिसचं करून एवढं होणारच" म्हणून वर्षं काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही चांगली भाषणं ऐका, जिना तेवढाच उंच वाटणार. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. खाजगी लॅब परवडत नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. लोहाच्या गोळ्या दहा दिवसांत सोडू नका. शौचाला काळं होतं, पोट जड वाटतं, म्हणून अर्ध्याजणी डबी बाजूला ठेवतात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या सुरू ठेवायला सांगतात, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. अधीरपणा इथे चालत नाही. आणि जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. संध्याकाळी सहानंतरचा चहा-कॉफी : कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात. आठवडाभर जागून रविवारी दुपारपर्यंत झोपणं : सोमवारी पुन्हा तेच. डबा न खाता वडापाववर दिवस काढणं. गादीवर मोबाइल.

एक चूक मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खाली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, रडू येत असेल, तर त्याला नुसता थकवा म्हणू नका. घरात एका तरी माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. जगावंसंच वाटत नसेल तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. "वेडा समजतील" या भीतीने गप्प राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आधी का नाही विचारलं, असं घरच्यांना नंतर वाटत राहतं. म्हणून मी विचारते, सरळ विचारते.

आणि बरं वाटू लागलं की लगेच ओव्हरटाइम घेऊ नका. पहिले पंधरा दिवस नुसती शिफ्ट करा, वर काही नको. सुपरवायझर ऐकत नसेल तर माझ्याकडे पाठवा.